लोखंड, डिंक आणि ऊन

छायाचित्रणाचा इतिहास म्हणून आपल्या पुस्तकांत जो सांगितला जातो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा इतिहास असतो. अंधारी पेटी, भिंग, दागेर, ईस्टमन, फिल्मचे रीळ आणि शेवटी मोबाईल फोन अशी ती रांग असते. या गोष्टीत चित्र कॅमेऱ्यात घडते. पुढे ते कोणीतरी 'धुऊन' आणून देतो. या धुण्याबद्दल पुस्तके फारसे बोलत नाहीत. खरे म्हणजे छायाचित्र दोनदा घडते. एकदा कॅमेऱ्यात, काचेवर किंवा फिल्मवर, क्षणार्धात. आणि दुसऱ्यांदा कागदावर, सावकाश. पहिल्या वेळी भिंग आणि झडप काम करतात. दुसऱ्या वेळी मीठ, लोखंडाचे क्षार, डिंक, पाणी, ऊन आणि माणसाचा हात.

या दुसऱ्या घडण्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. तो रसायनशास्त्राचा इतिहास आहेच, पण त्यात एक भांडणही आहे. छायाचित्र ही यंत्राने केलेली नोंद की माणसाने केलेली कृती? हे भांडण १८९० साली एका मोजमापावरून पेटले, आणि चार वर्षांनी एका अडगळीत पडलेल्या रासायनिक कृतीने त्याला वेगळेच वळण दिले.

मिठाचा कागद

सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे पाणी घातले की पांढरा साका पडतो, आणि परीक्षानळी खिडकीत ठेवली की तो जांभळट होत जातो, हे दहावीच्या मुलांना माहीत असते. इंग्लंडमधल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३४ पासून हाच प्रयोग परीक्षानळीऐवजी लिहिण्याच्या चांगल्या कागदावर करायला सुरुवात केली. कागद मिठाच्या सौम्य द्रावणात बुडवून वाळवायचा, मग त्यावर ब्रशने सिल्व्हर नायट्रेटचा हात द्यायचा. कागदाच्या तंतूंमध्येच सिल्व्हर क्लोराइड तयार होते. त्यावर पान किंवा जाळीदार कापड ठेवून उन्हात धरले की उघडा भाग काळपट तपकिरी होतो आणि झाकलेला भाग पांढरा राहतो.

अडचण पुढे होती. पांढरा राहिलेला भागही उजेडात काळा पडणारच. त्याला थांबवायचे कसे? याचे पक्के उत्तर जॉन हर्शेल यांच्याकडे वीस वर्षे पडून होते. ज्याला छायाचित्रकार आजही 'हायपो' म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट चांदीचे क्षार विरघळवते, हे त्यांनी १८१९ मध्येच पाहिले होते. त्याचा छायाचित्रासाठी उपयोग १८३९ च्या सुरुवातीला झाला. 'फोटोग्राफी' हा शब्द त्यांनी १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वापरला, आणि 'निगेटिव्ह' व 'पॉझिटिव्ह' हे शब्दही त्यांनीच रूढ केले.

या काळात तयार कागदाचे पाकीट दुकानात मिळत नव्हते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या मंडळातले एक नावाजलेले छायाचित्रकार. त्यांच्या पिढीतल्या छायाचित्रकाराला मिठाचा किंवा अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेला कागद चांदीच्या द्रावणावर स्वतः तरंगवून, वाळवून, लवकरात लवकर वापरावा लागे. फोटोग्राफर हा त्या काळी निम्मा रसायनज्ञ असे, आणि त्याला पर्यायही नव्हता.

पण हे कागद टिकत नसत. काही वर्षांत चित्रे पिवळी पडत, कडांकडून उडू लागत. तक्रारी इतक्या वाढल्या की १८५५ मध्ये लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने या विटण्याची चौकशी करायला एक समिती नेमली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी तिला ५० पौंड दिले. कागदात राहून गेलेला हायपो आणि दमट हवा हे गुन्हेगार सापडले. चांदीचे अतिसूक्ष्म कण गंधकापुढे टिकाव धरत नाहीत. घरातले चांदीचे भांडे काळे पडते त्याच जातीची ही क्रिया. मग प्रश्न असा आला, की चांदी टाळूनच छायाचित्र करता येईल का? त्याची दोन उत्तरे तोवर तयार होती. एक लोखंडाचे, दुसरे डिंकाचे.

टॉनिकच्या बाटलीतले चित्र

लोखंडाचे उत्तर पुन्हा हर्शेल यांचेच. त्यांना चित्रे काढायची फारशी हौस नव्हती. ते खगोलशास्त्रज्ञ होते आणि त्यांना सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास करायचा होता. वडील विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तांबड्याच्या पलीकडचे अदृश्य किरण तापमापीने शोधले होते. मुलगा वेगवेगळ्या रसायनांनी माखलेले कागद वर्णपटात धरून कोणता किरण कोणत्या पदार्थावर काय करतो ते पाहत होता. फुलांचे आणि पानांचे रससुद्धा त्यांनी सोडले नाहीत.

१८४२ मध्ये डॉ. आल्फ्रेड स्मी यांनी त्यांना पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फेरिक अमोनियम सायट्रेट या दोन क्षारांची ओळख करून दिली. यातला दुसरा क्षार त्या वेळी अशक्तपणावरचे नवे औषध म्हणून वापरात येत होता. आजही रक्तवाढीच्या काही टॉनिकांच्या बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले तर हे नाव सापडते. हर्शेल यांनी हे दोन क्षार एकत्र करून कागदावर लावले, उन्हात धरले आणि नुसत्या पाण्याने धुतले. गडद निळे चित्र उरले. त्याला त्यांनी सायनोटाइप असे नाव दिले.

यात घडते ते असे. प्रकाशाच्या निळ्या, जांभळ्या आणि अतिनील भागातली ऊर्जा घेऊन सायट्रेट फेरिक लोहाला एक इलेक्ट्रॉन देते. फेरिकचे फेरस होते. फेरस लोह फेरिसायनाइडला भेटले की 'प्रशियन ब्लू' तयार होतो. १८ व्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने सापडलेले हे रंगद्रव्य चित्रकारांच्या चांगल्या ओळखीचे. ते पाण्यात विरघळत नाही, तंतूंना धरून बसते. ज्या भागावर ऊन पडले नाही तिथले दोन्ही क्षार मात्र पाण्यात विरघळून निघून जातात. हायपो नको, चांदी नको, अंधारी खोलीसुद्धा नको. बल्बच्या मंद पिवळ्या उजेडात सगळे काम होते.

हा प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे, म्हणून प्रमाण येथेच देऊन ठेवतो. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरव्या जातीचे), दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणे वेगळ्या, काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटल्यांत ठेवावीत आणि लागतील तेवढीच समभाग मिसळावीत. चित्रकलेच्या वहीतल्या जाड कागदावर मऊ ब्रशने पातळ हात द्यावा, कपाटात वाळवावा. वर नेचाचे पान आणि काच ठेवून दुपारच्या उन्हात पाच ते दहा मिनिटे. पिवळट हिरवा कागद निळा आणि मग करडा होतो. तेव्हा उचलून पिवळेपणा जाईपर्यंत नळाखाली धुवावा. आम्ही हा प्रयोग मुलांबरोबर अनेकदा केला आहे. कागद पाण्यात पडताच करडा रंग जाऊन निळा वर येतो, त्या वेळी मुले जी गर्दी करतात ती पाहण्यासारखी असते. प्रिंट वाळल्यावर दिवसभरात आणखी गडद होते. पहिल्या क्षणी दिसणाऱ्या रंगात काही लोह अजून रंगहीन, क्षपणित रूपात असते. हवेतला ऑक्सिजन ते निळे करतो.

दोन सूचना मात्र द्यायला हव्यात. फेरिसायनाइड हे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातले सायनाइड लोहाला घट्ट बांधलेले असते. पण त्यात तीव्र आम्ल कधीही मिसळू नये आणि ते तापवू नये. हातमोजे घालावेत आणि शिक्षकाने शेजारी उभे राहावे. ज्यांना रसायनांचा व्याप नको त्यांनी हर्शेल यांचे वनस्पतिरसाचे प्रयोग करावेत. हळदीचा अर्क स्पिरिटमध्ये काढून कागदाला लावला आणि वर पान ठेवून कडक उन्हात काही तास ठेवला तर पानाबाहेरची हळद उडते आणि पानाची आकृती पिवळी राहते. हे चित्र कायम टिकत नाही. त्यातही शिकवण्यासारखे पुष्कळ आहे.

सायनोटाइपचा पहिला मोठा उपयोग एका वनस्पतिशास्त्राची आवड असलेल्या बाईंनी केला. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या जॉन जॉर्ज चिल्ड्रेन या शास्त्रज्ञाच्या कन्या; हर्शेल हे त्या घराचे स्नेही. वडिलांनी भाषांतर केलेल्या शंखशिंपल्यांवरील ग्रंथासाठी त्यांनी तरुणपणी अडीचशेच्या वर चित्रे हाताने काढली होती. म्हणजे हाताने रेखाटणे काय असते ते त्यांना पक्के ठाऊक होते. १८४१ मध्ये ब्रिटिश सागरी शैवालांवर विल्यम हार्वे यांचे पुस्तक निघाले, त्यात चित्रे नव्हती. शैवालाच्या केसासारख्या फांद्या पेनाने काढणे म्हणजे किती कष्ट आणि किती चुका हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. अ‍ॅटकिन्स यांनी शैवाल थेट कागदावर पसरून त्याची सावलीच छापली. १८४३ च्या ऑक्टोबरपासून १८५३ पर्यंत दहा वर्षे हे काम चालले. सुमारे ४०० चित्रपाने आणि त्यांचे डझनाहून अधिक संच. प्रत्येक पान हाताने माखलेले, उन्हात धरलेले, पाण्यात धुतलेले. मजकूरही त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळ्या रंगात. छायाचित्रांनी सजलेले हे जगातले पहिले पुस्तक मानले जाते.

प्रस्तावनेखाली त्यांनी फक्त 'ए. ए.' अशी आद्याक्षरे लिहिली होती. पुढे एका अभ्यासकाने त्याचा अर्थ 'अनामिक हौशी' असा लावला! नाव पुन्हा नीट प्रकाशात यायला विसाव्या शतकाची शेवटची दशके यावी लागली. त्या पानांकडे पाहताना आम्हाला नेहमी एक गोष्ट जाणवते. ती शास्त्रीय नोंद म्हणून केली आहेत, पण शैवाल पानावर कुठे ठेवायचे, किती मोकळी निळी जागा सोडायची, फांदी कोणत्या बाजूला वळवायची हे निर्णय वनस्पतिशास्त्राचे नाहीत.

हर्शेल यांच्या मृत्यूनंतर, १८७० च्या दशकात, सायनोटाइपचा तयार कागद बाजारात आला तो इंजिनिअरांसाठी. तीच 'ब्लू प्रिंट'. पुलांचे, इंजिनांचे, इमारतींचे नकाशे जगभर या कागदावर निघाले. आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात पुढे अमोनियाच्या वाफेवर निघणारी प्रिंट आली, तरी लोक नकाशाला ब्लू प्रिंटच म्हणत राहिले. चित्रकलेच्या दृष्टीने मात्र निळा रंग हा अडथळाच ठरला. निळे झाड किंवा निळा चेहरा त्या काळच्या रसिकाला सहन होण्यासारखा नव्हता.

एक आलेख आणि एक पत्रक

१८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा आला. त्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेलीच असे. ती संपली की सबंध कॅमेरा रोचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, तिथून प्रिंट्स आणि नवी फिल्म परत. तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू, अशी जाहिरात होती. छायाचित्राचे दुसरे घडणे गिऱ्हाइकाच्या हातून कायमचे गेले. सोय झाली यात शंका नाही. पण ज्यांना छायाचित्र ही आपली कृती वाटत होती ते अस्वस्थ झाले.

त्यांच्यातले सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत भांडखोर म्हणजे पीटर हेन्री एमर्सन. शिक्षणाने डॉक्टर. पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशातल्या जीवनावर त्यांनी १८८६ मध्ये एक चित्रसंग्रह केला, त्यात ४० प्लॅटिनम प्रिंट्स होत्या. १८८९ च्या 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' या पुस्तकात त्यांनी छायाचित्रण ही कला आहे असे ठामपणे मांडले, आणि तेही शरीरशास्त्राच्या आधारे. हेल्महोल्ट्झ यांच्या दृष्टिविषयक संशोधनाचा दाखला देऊन ते म्हणत की डोळ्याला फक्त मधला भाग स्पष्ट दिसतो. म्हणून चित्रही सर्वत्र सारखे रेखीव असू नये. काळ्या-पांढऱ्याच्या छटांचे परस्परनाते छायाचित्रकार आपल्या जाणिवेनुसार ठरवतो, आणि म्हणून तो कलावंत, असा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता.

हा कणा दुसऱ्याच वर्षी मोडला. विडनेस या इंग्रज गावात अल्कलीच्या कारखान्यात काम करणारे दोघे मित्र, स्विस रसायनज्ञ फर्डिनांड हुर्टर आणि इंजिनिअर व्हेरो ड्रिफील्ड, फावल्या वेळात फोटो काढीत. अंदाजाने काम करणे त्यांना रुचत नव्हते. त्यांनी स्वतः मोजण्याची उपकरणे बनवली आणि प्लेटवर पडलेला प्रकाश व त्यामुळे साठलेली चांदी यांचे नाते मोजून काढले. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला, इंग्रजी 'एस' अक्षरासारखा वळणारा आलेख छायाचित्रशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. त्यांच्या निष्कर्षांत एक असा होता: एकाच प्लेटवरच्या दोन जागांच्या घनतांचे प्रमाण डेव्हलपिंगचा वेळ कमीजास्त केल्याने बदलत नाही. उदाहरणादाखल, थोडा वेळ ठेवल्यावर घनता ०.४ आणि ०.८ असेल, तर जास्त वेळ ठेवल्यावर ०.६ आणि १.२ होईल, एकास दोन हे नाते तसेच राहील.

एमर्सन यांनी याचा अर्थ असा घेतला की छटांचे नाते माणसाच्या हातात नाहीच. ते निसर्गनियमाने ठरते. मग कला कसली? त्यांनी आपला सिद्धान्त जाहीरपणे मागे घेतला. 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफीचा मृत्यू' अशा नावाचे, काळी चौकट घातलेले पत्रक त्यांनी छापून वाटले. प्रयोगाने आपले म्हणणे खोटे ठरले असे वाटताच ते भर बाजारात सोडून देणारा माणूस विरळा, आणि त्याबद्दल एमर्सन यांचा मान ठेवलाच पाहिजे.

तरीही त्यांचा निष्कर्ष घाईचा होता असे आमचे मत आहे. हुर्टर आणि ड्रिफील्ड यांनी मोजले होते ते निगेटिव्हचे डेव्हलपिंग, म्हणजे छायाचित्राचे पहिले घडणे. दुसऱ्या घडण्याबद्दल, कागदाबद्दल, त्या नियमाने काही सांगितलेच नव्हते.

डिंकाचे उत्तर

पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उन्हात रंग बदलतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्येच दाखवले होते. जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळून उन्हात धरले तर ते कडक होते, हे टॅलबट यांनी १८५२ मध्ये पाहिले. फ्रान्सच्या आल्फोन्स प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये त्यात रंगद्रव्य कालवले. चित्र आता काजळीचे किंवा मातीच्या रंगाचे होते, म्हणून विटण्याचा प्रश्नच मिटला. इंग्लंडच्या जॉन पाउन्सी यांनी १८५८ मध्ये डिंकाच्या प्रिंट्स दाखवल्या, पण त्या खरबरीत दिसतात म्हणून लोकांनी नाके मुरडली आणि कृती अडगळीत गेली.

१८९४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ए. रुये-लादवेझ यांनी डिंकाच्या प्रिंट्स मांडल्या आणि त्या पाहून रॉबेअर दमाशी या सुखवस्तू हौशी छायाचित्रकाराने ही कृती उचलली. १८९७ मध्ये आल्फ्रेड मास्केल यांच्यासह त्यांनी तिच्यावर पुस्तिका लिहिली. एमर्सनना उत्तर द्यावे म्हणून कोणी हे केले नव्हते. पण उत्तर झाले ते खरे.

कृती अगदी घरगुती आहे. बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक पाण्यात भिजवून घट्टसर करायचा, त्यात जलरंग आणि डायक्रोमेटचे द्रावण मिसळायचे आणि खळ दिलेल्या कागदावर ब्रशने लावायचे. वाळल्यावर वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे. प्रकाशाने क्रोमियमचे क्षपण होते, सहा संयुजेचे क्रोमियम तीन संयुजेवर येते, आणि ते डिंकाच्या लांब रेणूंना एकमेकांशी बांधून टाकते. बांधलेला डिंक विरघळत नाही. मग कागद पाण्यावर पालथा तरंगत ठेवायचा. न बांधलेला डिंक आपला रंग घेऊन हळूहळू खाली सुटतो, त्याला अर्धा तास लागतो, कधी जास्त. आणि या अर्ध्या तासात छायाचित्रकार काय करतो? तो ब्रशने एखादा भाग हलकेच पुसतो, कुठे पाण्याची धार सोडतो, कुठे काहीच करत नाही. छटांचे नाते त्याच्या बोटांखाली बदलत असते.

एका थरात डिंक फारशा छटा देत नाही. यावर व्हिएन्नामध्ये हाइनरिश क्यून, ह्यूगो हेनेबेर्ग आणि हान्स वात्सेक या तिघांनी उपाय काढला. त्याच कागदावर पुन्हा डिंक लावायचा, निगेटिव्ह नेमकी पहिल्या जागी बसवायची आणि पुन्हा उन्हात धरायचे. एक थर गडद छायांसाठी, एक मधल्या छटांसाठी, एक उजळ भागासाठी, हवे तर प्रत्येकाचा रंग वेगळा. घनतांचे प्रमाण निगेटिव्हवर कायम राहील, राहू दे. कागदावर ते किती थरांत आणि कोणत्या रंगात उतरवायचे हे आता माणूस ठरवत होता.

यावरही टीका झालीच. हे फोटो आहेत की कोळशाच्या चित्रांची नक्कल, असे विचारले गेले. टीका अगदीच निराधार नव्हती. त्या काळच्या पुष्कळ डिंक-प्रिंट्स आज पाहवत नाहीत इतक्या गोडगोड आणि धुकट आहेत. एमर्सन तर बधलेच नाहीत. आपल्या पुस्तकाच्या १८९९ च्या आवृत्तीतही छायाचित्रण कला नाही यावर ते ठाम होते. पण जिथे हात आणि नजर दोन्ही चांगली होती तिथे काही वेगळेच घडले. अमेरिकेच्या एडवर्ड स्टायकेन यांनी १९०४ मध्ये तळ्यावरच्या चांदण्याचे 'द पाँड - मूनलाइट' हे चित्र प्लॅटिनम प्रिंटवर डिंकाचे रंगीत थर देऊन केले. रंगीत प्लेट्स बाजारात यायला अजून तीन वर्षे होती. या चित्राच्या तीन प्रिंट्स आज माहीत आहेत आणि तिन्ही एकमेकींहून वेगळ्या आहेत. त्यांतली एक २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २९ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. निगेटिव्ह एकच असताना चित्रे तीन झाली, हीच यातली खरी गोष्ट. किंमत हा लिलावाचा विषय.

येथे ज्या प्लॅटिनम प्रिंटचा उल्लेख आला तिच्या मुळाशीही हर्शेल यांचे लोखंडच आहे. विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या कृतीत प्रकाशाने तयार झालेले फेरस लोह प्लॅटिनमच्या क्षाराचे धातूत रूपांतर करते. करड्या छटांची अशी मृदू श्रेणी दुसऱ्या कशात नाही, आणि कागद टिकेल तोवर चित्र टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या प्रदर्शनांत ज्यांची चित्रे गाजली ते मुंबईचे शापूर भेदवार याच कलावादी परंपरेतले. पण पहिल्या महायुद्धात नायट्रिक आम्ल, आणि त्यातून स्फोटके, बनवण्यासाठी उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम लागू लागले. भाव कडाडले, कागद मिळेनासा झाला. कॅथीड्रलच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रेडरिक इव्हान्स यांनी तर प्लॅटिनमवाचून छायाचित्रणच थांबवले. त्याच सुमाराला कलाविचारही पालटला. 'कॅमेरा वर्क' या त्रैमासिकाचा १९१७ चा शेवटचा अंक पॉल स्ट्रँड यांच्या रोखठोक, हात न फिरवलेल्या चित्रांना वाहिलेला होता. पुढची पन्नास वर्षे कारखान्याच्या तयार ब्रोमाइड कागदाची.

कारखाना थांबल्यावर

जुन्या कृती १९६० आणि १९७० च्या दशकांत थोड्या कलावंतांनी पुन्हा उचलल्या. तेव्हा ती हौस वाटली असेल. पण २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागदही आता मिळत नाही. ज्यांचे काम कारखान्याच्या पाकिटावर अवलंबून होते ते अडले; ब्रश, डिंक आणि लोहक्षार यांवर काम करणाऱ्यांचे काही अडले नाही.

एक अडचण मात्र त्यांनाही होतीच. या सगळ्या कृती मंद आहेत आणि त्यांना अतिनील प्रकाश हवा, म्हणून एनलार्जरच्या बल्बखाली त्या चालत नाहीत. निगेटिव्ह कागदाला चिकटवूनच छापावे लागते. जेवढी प्रिंट तेवढीच निगेटिव्ह. पूर्वी त्यासाठी खिडकीच्या तावदानाएवढ्या प्लेटचे कॅमेरे वागवीत. १९९० च्या दशकापासून संगणकावरून पारदर्शक फिल्मवर हव्या त्या आकाराची निगेटिव्ह छापता येऊ लागली. मोबाईलवर टिपलेले चित्रही आज डिंकात किंवा लोखंडात छापता येते. ही निगेटिव्ह तयार करताना छपाईकार काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो आधी आपल्या कागदावर, आपल्या द्रावणाने, आपल्या गावच्या उन्हात क्रमाने गडद होणाऱ्या चौकटींची एक पट्टी छापतो, प्रत्येक चौकटीची घनता मोजतो, आलेख काढतो आणि त्याप्रमाणे निगेटिव्हच्या छटा वळवून घेतो. हा हुर्टर आणि ड्रिफील्ड यांचाच आलेख. ज्या मोजमापाने एमर्सन यांच्या हातून कला गेली असे त्यांना वाटले, त्याच मोजमापाने आजचा कलावंत छटांवर ताबा मिळवतो.

संशोधनही थांबलेले नाही. माइक वेअर या ब्रिटिश रसायनज्ञाने १९९० च्या दशकात सायट्रेटऐवजी फेरिक अमोनियम ऑक्झलेट वापरून सायनोटाइपची सुधारित कृती दिली; तिला ऊन कमी लागते आणि धुताना निळा रंग कमी वाहून जातो.

डिंकाचे भवितव्य अधिक बिकट आहे. सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्वचेलाही ते बाधते, म्हणून डायक्रोमेटची कृती शाळेत मुळीच करू नये असे आम्ही स्पष्ट सांगतो. युरोपीय संघात २०१७ पासून हे क्षार खास परवान्याविना वापरता येत नाहीत. डिंक कडक करणारे दुसरे, निरुपद्रवी काही सापडेल का, याचा शोध अनेक ठिकाणी चालू आहे. काही छायाचित्रकार फेरिक अमोनियम सायट्रेट मिसळलेला डिंक उन्हात धरून मग त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रिया करून पाहत आहेत. फेरस लोह आणि पेरॉक्साइड यांच्या संयोगातून निघणारे अतिक्रियाशील रेणुखंड डिंकाच्या साखळ्या बांधतात, अशी त्यामागची कल्पना आहे. छटा अजून डायक्रोमेटइतक्या भरवशाच्या येत नाहीत.